बांधाखालची ओल

दादा,

तुझी खाजणातली, खाडीकाठची जमीन मी वरून पाहिली. मी स्वतः वर गेलो नव्हतो. आता माळ्यावर चढलो तरी घरातली माणसं खालून ओरडतात. एका उपग्रहानं आकाशातून चित्र काढलं, एका मुलीनं ते मोठ्या कागदावर छापून आणलं आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलं. त्यात खाडी होती, बांध होता, आणि बांधाच्या आतल्या अंगाला तुझी ती खालची खाचरं होती, माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकली जातील एवढी. त्या दिवसापासून तुला सांगायचं म्हणून घोळवतो आहे. अंघोळ करताना बोलतो, सकाळी हायवेपर्यंत फिरायला जातो तेव्हा बोलतो. परवा एका ट्रेलरवाल्यानं गाडीतून वाकून विचारलं, "चाचा, किससे बात कर रहे हो?" तेव्हा म्हटलं, आता बसून लिहावं.

बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. तुला 'तू' लिहू की 'तुम्ही'? चौथीत गुरुजींनी सांगितलं होतं, वडिलांना अहो-जाहो करावं. मी घरी येऊन म्हणालो, "दादा, तुम्ही जेवलात का?" तू मान वर केलीस, दाराकडे पाहिलंस आणि आयेला म्हणालास, "कोन आयलाय गो? आत घे त्याला." आय एवढी हसली की तिच्या हातातली भाकरी तव्यावर दुमडून पडली. पुढं मी मराठीचा मास्तर झालो, पोरांच्या कितीतरी पिढ्यांना 'तुम्ही' म्हणायला शिकवलं, पण तुझ्यापुढं 'तू'च राहिलं. तेच लिहितो.

तुझं उघाडीचं काम मला अजून जसंच्या तसं दिसतं. आता आमच्या घरातल्या पोरांना उघाडी म्हणजे काय तेच ठाऊक नाही, म्हणून सांगून सांगून मला ती सवयच लागली आहे, तुलाही सांगतो: खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध, आणि पावसाचं साचलेलं गोडं पाणी बाहेर जावं म्हणून त्या बांधात ठेवलेलं एक तोंड. ओहोटीला फळ्या काढायच्या, भरतीच्या आधी खाचेत परत बसवायच्या, सांदीत चिखल आणि पेंढा ठासायचा. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला तर डोळ्यांत तेल घालून. गावानं पाळीपाळीनं एकेका घराकडं हे काम द्यायचं, आणि फळ्या बसल्या की राखणदारानं बांधावरच्या खांबाला पेंढ्याचा झुबका बांधायचा, म्हणजे गाव लांबून बघून निजायला मोकळं. मी बांधावर उभा आहे. तू कमरेएवढ्या पाण्यात आहेस, तोंडात विडी आहे आणि ती भिजू नये म्हणून मान वर धरून तू एकेक फळी खाली दाबतो आहेस. पलीकडं खाडी फुगत चालली आहे. मी शाळेत नुकतीच पाठ केलेली समुद्राची कविता चालीवर म्हणतो आहे, हात पसरून, लाटांसारखा डोलत. तू विडी न काढता म्हणतोस, "कविता म्हन, पन पेंढा दे."

याच्याहून चांगला शेरा माझ्या कवितावाचनाला आयुष्यात मिळाला नाही.

आणि ते पुस्तक. भिवंडीच्या बाजारात गवताचा भारा विकून आलास तेव्हा कमरेच्या पंच्यात खोचून आणलं होतंस. रद्दीवाल्याकडचं, कविता असलेलं म्हणून निवडलंस, कारण आत ओळी तोकड्या-तोकड्या दिसल्या. मी सहावीत होतो आणि पुस्तक चौथीचं निघालं. मी ते सांगितलं नाही. त्यातल्या सगळ्या कविता मला आधीच येत होत्या, तरी तुझ्यासमोर रोज एक नवी शिकल्यासारखी म्हणून दाखवत असे, आणि तू म्हणायचास, "बरा निंगाला मंग बुक."

मग ते उधाण आलं. पाळी आपल्या घराची होती. मी त्या दिवशी दिघाशीला मामाकडं होतो. सकाळी गाव उठलं तेव्हा खालच्या खाचरांत पाणी, आणि पाणी खारं. खांबाला झुबका नव्हता. फळ्या मात्र जागेवर होत्या. तू म्हणालास, झुबका वाऱ्यानं गेला. गावानं म्हटलं, फळ्या तू उशिरा घातल्यास, पाणी शिरून गेल्यावर, आपली लाज झाकायला. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याची सगळी खाचरं त्यात गेली होती. त्यानं देवळासमोर चारचौघांत तुझ्याकडं हात केला. मी संध्याकाळी परत आलो तेव्हा गाव अजून बसलेलंच होतं. तू उभा होतास. इतरांच्या मधे तू एवढा बुटका आहेस हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"दिस बुरायच्या आधी मी फल्या घातल्या व्हत्या," तू म्हणत होतास. "पानी तोंडातून न्हाय आयलं."

"मंग कुठून आयलं? आभाळातून?"

"खालून आयलं असल."

"खालून कसा येल रं?"

तू इकडंतिकडं पाहिलंस. आता कळतं, बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तसं तू ते वाक्य धरलंस. "वज्रेश्वरीच्या कुंडान नाय का येत खालून ऊन पानी? तसं."

मग कोणीतरी मागून म्हणालं, "हां, तुज्या शेतान वज्रेश्वरी निंगाली!" आणि सगळं गाव हसलं. रागावलेलं गाव परवडतं, दादा. हसलेलं गाव पुन्हा गंभीर होत नाही. तुला दंड झाला नाही, कुणी मारलं नाही, वाळीत टाकलं नाही. फक्त उघाडीची पाळी आपल्या घराला पुन्हा आली नाही. पुढच्या पावसात त्या खाचरांतलं भात हातभर वाढून करपलं, उन्हाळ्यात जमिनीवर मिठाचा पापुद्रा धरला, आणि तो दरवर्षी धरत राहिला. चैत्रात गाव वज्रेश्वरीच्या जत्रेला निघालं की तुझे गुडघे दुखायचे. ज्या गुडघ्यांसाठी आधी मुद्दाम तिथल्या कुंडात शेकायला जायचास, तेच गुडघे.

ते वाक्य मात्र गावात राहिलं. तुझ्या पश्चातही राहिलं. कोणी लंगडी सबब सांगितली की आमच्याकडं म्हणतात, वज्रेश्वरी निघाली. पॉवरलूमवर उशिरा पोचलेल्याला म्हणतात, उधारी बुडवणाऱ्याला म्हणतात. मी मास्तर असताना वर्गात एका पोराची वही भिजली होती, तो म्हणाला दप्तरात आपोआप पाणी आलं, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, याच्या दप्तरात वज्रेश्वरी निघाली!" वर्ग हसला. त्या पोरांना त्या बोलण्यामागचा माणूस माहीत नव्हता. मी खडू उचलला आणि कवितेचं दुसरं कडवं फळ्यावर लिहून काढलं.

तुझे शेवटचे दिवस आठवतात. पडवीत बाज टाकली आहे, तू भिंतीकडं तोंड करून झोपला आहेस, आय पेज घेऊन बसली आहे. अचानक तू कुशीवर वळतोस आणि मला विचारतोस, "फल्या घातल्या व्हत्या ना रं मी?" इतकी वर्षं जो माणूस ठामपणे सांगत आला, तो आता मला विचारत होता. लोकांचं हसणं शेवटी तुझ्याही आत शिरलं होतं. मी म्हणालो, "घातल्या होत्यास, दादा. वेळेवर घातल्या होत्यास." तू माझ्याकडं बघत राहिलास. "तुना काय म्हाईत? तू तं दिघाशीला व्हतास." आणि पुन्हा भिंतीकडं वळलास. तुला साक्षीदार हवा होता. माया नको होती.

आता त्या मुलीचं सांगतो. तीन हिवाळ्यांपूर्वी आली. मुंबईत कुठल्याशा संस्थेत शिकते, शिकवतेही. उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीत, झाडांत आणि समुद्रात किती पाणी आहे, कसलं आहे, याचा अभ्यास करते. मूळची बीडकडची. बांधावर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा खाडीकडं बघत म्हणाली, "आमच्याकडं पाणी कुठं आहे ते शोधायला उपग्रह लागतो सर, आणि तुमच्याकडं नको असलेलं शोधायला." खाचरांची जुनी नावं आणि हद्दी सांगणारं कोणीतरी तिला हवं होतं. गावात सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं: मास्तर रिकामे आहेत आणि बोलतात पुष्कळ.

बोललो पुष्कळ, पण ऐकलंही. तिनं सांगितलं, पाणी उजेड गिळतं, म्हणून अशा चित्रात खोल पाणी काळं दिसतं. ओली माती कोरडीपेक्षा काळसर. आणि हिरवं पान आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक उजेड भरभरून परत फेकतं; उपग्रहाला तो दिसतो, म्हणून चित्रात धष्टपुष्ट भात लालभडक छापतात. मला ते आधी सोसेना. जन्मभर मी पोरांना हिरव्या शेतांच्या कविता शिकवल्या, आणि इथं शेत लाल! "डोळे मिटून घ्या सर, आणि लाल म्हणजे हिरवं असं तीनदा म्हणा," ती म्हणाली. थट्टेखोर आहे. मग म्हणाली, खारट जमिनीतलं भात पाण्यात उभं असूनही तहानलेलं असतं. मुळांना ते पाणी ओढताच येत नाही. अशी पानं उजेड कमी फेकतात, चित्रात फिकी पडतात. मी तिला म्हटलं, बाई, ही तर कविताच झाली, पाण्यात उभं राहून तहानलेलं. ती म्हणाली, "कविता नंतर करू. आधी डबे उचला."

डबे म्हणजे ॲल्युमिनियमचे झाकणाचे छोटे डबे. उपग्रह ज्या सकाळी आपल्या डोक्यावरून जाणार, त्याच सकाळी शेतातून माती खणून त्यात भरायची, लगेच तोलायची, मग मुंबईला नेऊन भट्टीत वाळवायची आणि पुन्हा तोलायची. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. वरच्या चित्रानं जे सांगितलं ते खालच्या मातीला विचारून घ्यायचं, अशी त्यांची रीत आहे. भाताच्या दिवसांतलं एक चित्र तिच्याकडं आधीच होतं. त्यात आपल्या खाजणात काहीतरी गंमत आहे म्हणाली. काय, ते मात्र सांगेना. "आधी सांगितलं तर आपण तेच शोधत बसू. माती बघू, मग सांगते." मी तिला त्या उधाणाची गोष्ट सांगितली, गाव सांगतं तशीही आणि तू सांगायचास तशीही. तिनं तुझं वाक्य ऐकलं आणि हसली नाही. फक्त विचारलं, "सर, उघाडी नेमकी कुठं होती?" मी जुना खांब दाखवला. तिनं तिथून खालच्या खाचरांकडं बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्यानं माझी झोप गेली, दादा. या वयात आशा लागणं बरं नाही.

उपग्रह यायच्या दिवशीची मजा ऐक. गावात बातमी पसरली होती. आमच्या घरात सकाळपासून गडबड. तुझी सून, आता तीही म्हातारी झाली, नवं लुगडं नेसून अंगणात उभी. "फोटोन आमी दिसू काय गो बाय?" मुलगी म्हणाली, "काकू, तुमचं आख्खं घर एक ठिपकाभर पण यायचं नाही." ती म्हणाली, "मंग येवरी लांबून येतो कशाला तो?" आणि तशीच उभी राहिली, असलेलं बरं म्हणून. आम्ही डबे घेऊन खाजणात गेलो तर शेजाऱ्याच्या खाचरात घोटाभर पाणी! तुझ्याकडं हात करणाऱ्याचा हा मुलगा. माझ्या बरोबरीचा, शाळेत माझ्या मागं बसायचा. जमिनीचं चित्र निघणार म्हटल्यावर आपली जमीन कोरडी-पांढरी दिसायला नको म्हणून त्यानं रात्रभर बोअरचा पंप सोडून ठेवला होता. बांधावर उभा राहून हसत होता. शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही भिंतींना चुना मारायचो, अगदी तेच हे.

मुलीनं कपाळाला हात लावला. "काका, पाणी सोडलंत?"

"मंग! भिकाऱ्यावानी दिसायचा काय आमी?"

"अहो, आता यातलं तुमच्या बोअरचं कुठलं आणि जमिनीचं कुठलं, मला कसं कळणार? आजचं सगळं फुकट गेलं."

"परत येल ना तो," शेजारी आकाशाकडं हात करून म्हणाला. "आमची एसटी गेली तरी दुसरी येतं."

येणार होता, पण काही आठवड्यांनी. ते आठवडे मी कसे काढले तुला काय सांगू. रोज खाजणात जायचो. पंपाचं पाणी हळूहळू वाळत होतं, भेगा पडत होत्या. शेजारीही यायचा, ओशाळलेला. एकदा म्हणाला, "मास्तर, ती पोर रागावली काय रं?" मी म्हटलं, "रागावली." उपग्रहाच्या दुसऱ्या खेपेला मग त्यानंच फावडं घेतलं. आम्ही तिघं चाललो होतो, ती सांगेल तिथं तो खणत होता, मी डब्यावर खडूनं खूण करत होतो. वरची माती सगळीकडं सारखीच, भेगाळलेली. पण हातभर खाली गेलं की काही ठिकाणी कोरडी ढेकळं यायची आणि काही ठिकाणी काळी, गार, बोटांना चिकटणारी माती. तिनं ती जिभेवर ठेवली आणि थुंकली. खारी. आणि अशी माती उघाडीच्या जवळ नव्हतीच. ती होती लांब, पार त्या टोकाला, जिथं बांध वळतो. तिथून शेजाऱ्याच्या खाचरांतून आपल्या खाचरांपर्यंत.

शेजारी फावडं टेकून उभा राहिला. "हितं कवाच सुकत न्हाय," तो म्हणाला. "मे म्हयन्यान पन बैल रुततंत. आमचा बा बोलायचा, हडळीचा घर हाय हितं."

मुलीनं पुढचा डबा उघडला.

डब्यांची वजनं झाल्यावर ती चित्र घेऊन आली. त्या दिवशी शेजारीही मुद्दाम आला होता, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, टोपी हातात घेऊन. तिनं बोट ठेवून दाखवलं: ही खाडी, हा बांध, ही उघाडी. उघाडीतून पाणी शिरलं असतं तर मीठ तिच्या तोंडापाशी सगळ्यात जास्त आणि तिथून पंख्यासारखं पसरलेलं दिसलं असतं. तसं नाही. इथून, बांधाच्या वळणापासून, फिक्या भाताची एक वाकडी रेघ निघते, तुमच्या खाचरातून जाते, सरांच्या खाचरातून जाते आणि संपते. हिवाळ्यातल्या चित्रात त्याच रेघेवर माती ओली. डबेही तेच सांगतात. "हा खाडीचा जुना फाटा आहे," ती म्हणाली. "बांध घालायच्या आधी इथून पाणी वाहत असणार. तो बुजला, वर शेतं झाली, पण खाली वाळू तशीच राहिली. मोठ्या उधाणाला खाडी चढली की पाणी त्या वाळूतून बांधाखालून आत येतं आणि वर झिरपतं. अजून येतं. फळ्या असोत नाहीतर नसोत." मग, प्रामाणिक पोर आहे म्हणून, म्हणाली, "त्या दिवशी फळ्या कधी लागल्या हे उपग्रह सांगू शकत नाही, सर. पण ही जमीन फळ्यांमुळं नासलेली नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे."

तुझी सून दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली. शेजारी टोपी फिरवत राहिला. मग चित्राकडं न बघता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्हंजे खालूनच आयलं व्हतं."

"हो," मुलगी म्हणाली.

"तुजा बाप खरा बोलला व्हता, मास्तर." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "आमचा बा गेला न्हायतर त्याला सांगितला असता." मी म्हटलं, "माझाही गेला." तेव्हा त्यानं वर पाहिलं, आणि आम्ही दोघं म्हातारे उगाच हसलो. चहा आला. चहात त्यानं साखर जास्त मागितली.

त्यानं गावात सांगितलं, हेही तुला कळवायला हवं. मी सांगून उपयोग नव्हता, मुलगा बापाची बाजू घेणारच. त्यानं देवळाच्या पारावर बसून सांगितलं, की उघाडीवाल्याचं खरं होतं. दोन-चार म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. तरण्यांनी विचारलं, कोण उघाडीवाला? आता गावात कोणाला राग नाही, दादा, कारण कोणाला भातच नाही. दापोड्याकडून गोदामं आपल्यापर्यंत आली आहेत. शेजाऱ्याच्या मुलांनी खालची खाचरं गोदामवाल्यांना विकली, पाठोपाठ आपलीही गेली. मी सही केली. डंपर येऊन मुरमाचा भराव टाकून गेले. त्या रेघेवर आता कुलूपबंद शटरांची रांग आहे आणि आत कुणाची तरी फ्रीज आणि वॉशिंग मशीन ठेवली आहेत. मुलगी म्हणाली, फाटा खाली असणारच, तो कुठं जातो. पुढच्या उधाणाला गोदामाच्या कोपऱ्यात फरशी ओली झाली, म्हणे. वॉचमननं साहेबाला सांगितलं, पाणी खालून आलं. साहेब त्याच्यावर ओरडला. मी ते ऐकून मुद्दाम गेलो आणि त्या वॉचमनला, उत्तरेकडचा भला पोरगा आहे, माझ्या मोडक्या हिंदीत म्हणालो, "बेटा, तू सच बोलता है." तो गोंधळला. त्यानं मला खुर्ची दिली.

म्हण मात्र गेली नाही. परवाच दुकानात एक बाई नवऱ्याला म्हणत होती, "आली का वज्रेश्वरी!" आधी सवयीनं मान खाली घातली. मग वाटलं, म्हणू देत. एखादी म्हण असते, तिच्यातला माणूस कधीच झडून जातो. तिच्यातून तुला तेवढं मी सोडवून आणलं, असं मला वाटतं.

हे पत्र कुठं टपालात घालायचं नाही, म्हणून ज्या गोष्टी कोणाला सांगितल्या नाहीत त्यातली एक इथं लिहितो. मुलीनं जाताना ते चित्र मला देऊन टाकलं. मी ते रोज सकाळी खिडकीशी नेतो, चष्मा पुसतो, आडवं धरतो, उभं धरतो. खाडी दिसते. बांध दिसतो. लाल शेतं दिसतात, आता मी त्यांना हिरवी म्हणू शकतो. ती वाकडी रेघ मला दिसत नाही, दादा. त्या दिवशीही दिसली नव्हती. तिचं बोट फिरत होतं तिथं मला नुसते ठिपकेच दिसत होते, कमी लाल, जास्त लाल. "दिसली का सर?" तिनं विचारलं होतं. शेजारी टेबलापलीकडं श्वास धरून उभा होता.

मी म्हटलं, "हो. अगदी स्पष्ट."